तांदळातला फिका निळा खडा

आमच्या घरात एक खडा आहे. फिका निळा. आता फिका म्हणजे किती फिका असं विचाराल, तर मार्गशीर्षातल्या एखाद्या सकाळी आचऱ्याच्या किनाऱ्यावर घोटाभर पाण्यात उभे राहा आणि खाली बघा. पायाखालची वाळू दिसते, आपली नखं दिसतात, आणि तरीही पाण्याला काहीतरी रंग आहे हे कळतं. तेवढाच. ओंजळीत घ्यायला गेलात तर तो रंग नाहीच. तसा हा खडा. उन्हात धरला की आकाशाकडे झुकतो, चुलीच्या उजेडात नेला की अगदी पांढरा पडतो, काचेचा वाटतो. आकाराने चिंचोक्याएवढा. चांदीच्या अंगठीत बसवलेला.

मी काही रत्नं ओळखणारी बाई नव्हे. सातवीपर्यंत शाळा, पुढचं सगळं लोकांना विचारून विचारून शिकले. पण या एका खड्याबद्दल मी इतक्या जणांना विचारलंय की आता मला कोणीही विचारावं.

आमचे हे बोटीवर इंजिनात कामाला होते. यंत्रांना तेल घालायचं काम. वर्षातले नऊ महिने दर्यावर, तीन महिने घरी. लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा कुठल्याशा लांबच्या बंदरातून हा खडा घेऊन आले. विकणाऱ्याने त्यांना म्हणे सांगितलं, हा खडा म्हणजे दर्याचंच पाणी, गोठून दगड झालेलं. पूर्वीचे खलाशी तो गळ्यात बांधून जायचे. दर्या आपल्याच पाण्याला बुडवील कसा? मला हे फार पटलं. आपल्याच पोराला कोण बुडवतं?

मालवणच्या सोनाराकडे नेला तर त्याने भिंग लावून बघितला आणि म्हणाला, "बेरूज आसा. पाचूची भयण. दोगी एका आवशीच्यो. पाचूक राजांनी डोक्यार घेतल्यान, ही बिचारी खलाशांच्या वाट्याक इली."

मग त्याने मला शिकवलं. अस्सल खडा हातात घेतला की आधी थंड लागतो आणि बराच वेळ थंडच राहतो, काच लगेच तापते. याच्या कोपऱ्याने काचेवर ओरखडा निघतो. भिंगातून आत बघितलं की पावसाच्या सरीसारख्या बारीक रेघा दिसतात, तो दोष नव्हे, ती त्याची जात. धुवायचा तो कोमट पाण्याने, मऊ कुंचल्याने. "आणि ऐका," सोनार म्हणाला, "इस्तवार तापवून एकदम थंड पाण्यात टाकू नकात, तडो जायत."

"इस्तवार कित्याक ठेवीन?" मी म्हटलं. "तो काय बांगडो?"

हे झालं खड्याच्या अंगच्या गुणांचं. त्याच्या पोटातल्या गुणांचं प्रकरण निराळं. मालवणातल्या ज्योतिषाने सांगितलं, हा पाचूच्या घरातला, म्हणजे बुधाचा, करंगळीत घाला, बुधवारी. तळेऱ्याला एक होते, ते म्हणाले, छे छे, रंग निळा, म्हणजे शनीचा, मधल्या बोटात, शनिवारी. मी दोन्ही निरोप घेऊन घरी आले. आमचे हे अंगठी एकेका बोटात घालून बघत होते. ती फक्त अनामिकेत गेली.

"ज्या बोटात जाता, तो ग्रह," ते म्हणाले, आणि तिथेच ती राहिली.

पण माझं समाधान नव्हतं. मी भटजींना बोलावलं. त्यांनी खड्याला दुधाने न्हाऊ घातलं, पाण्याने न्हाऊ घातलं, वर तुळशीचं पान ठेवून मंत्र म्हटले आणि मला सांगितलं, "वहिनी, आता याच्यात प्राण आला. जीवासारखा सांभाळा." हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे याच वाक्याने मला तीन दिवस मुकी केली.

आमचे हे त्यानंतर कितीतरी वर्षं दर्यावर गेले आणि दर वेळी सुखरूप परत आले. मी गावभर सांगितलं, खड्यामुळे. विहिरीवर सांगितलं, देवळात सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं. ज्या बायकांचे घोव बोटीवर होते त्या हे घरी आले की मुद्दाम यायच्या, अंगठीला हात लावायच्या आणि तो हात डोळ्यांना लावायच्या. यांना भारी लाज वाटायची. "तुझ्या तोंडाक बांध घालूक होयो," म्हणायचे. शेवटी ते वारले तेही आपल्या घरात, पडवीत, सकाळचा चहा पिऊन. दर्याने त्यांना बोटसुद्धा लावलं नाही.

आता माझी नात. मुलगा मुंबईला नोकरीत, सून आणि नात माझ्यापाशी आचऱ्यात. ही मुलगी लहानपणापासून आजोबांच्या बोटीच्या गोष्टी ऐकत वाढली आणि मोठी होऊन बोटीवरच निघाली. इंजिनात नव्हे हो, वर, डेकवर. कॅडेट. शिकाऊ अधिकारी म्हणा. तिची सगळी शिक्षणं झाली, परीक्षा झाल्या, आणि पहिल्या बोटीचं पत्र आलं.

सून वैभववाडीची. घाटाच्या पायथ्याची माणसं, त्यांना ओढ्याला पूर आला तरी पुरे. ती पत्र वाचून म्हणाली, "आमच्या वैभववाडीत चेडवां बँकेत लागतत. पंख्याखाली बसतत. ह्या माझ्याच नशिबात दर्या खंयसून इलो?"

"नशिबातसून नाय, सासऱ्यासून इलो," मी म्हटलं.

नात मात्र हसत होती, मैत्रिणींना फोन करत होती, बॅग भरत होती. मग एका संध्याकाळी मी पडवीत काजूची सुकी पानं झाडत होते, ती पायरीवर येऊन बसली. मग म्हणाली, "आजी, कोणाक सांगू नको. माका भीती वाटता."

"दर्याची?"

"सगळ्याची. दर्याची, माणसांची. थंय मी एकटीच चेडू आसतलंय. माका ऱ्हवाक जमात काय, ह्याची." आणि मग हळूच, "आजोबांचो खडो माका देशीत?"

ही मुलगी कधी देवापुढे नारळसुद्धा आपणहून ठेवत नाही. आजोबांनी घातलेला खडा घालून निघालं की आपणही आजोबांसारखे परत येऊ, एवढंच तिला हवं होतं. मी म्हटलं, "तुझोच तो. गोफात ओवून गळ्यात घाल."

लगेच तिने फोन काढला आणि खड्याची माहिती वाचायला लागली. या खड्याची जागा म्हणे कंठात. कंठातलं चक्र मोकळं होतं, मनातलं खरं ते ओठांवर येतं, बोलायचं धैर्य येतं, रागावलेला माणूस शांत होतो, प्रवासी सुखरूप राहतो, नवराबायकोत गोडी राहते.

सून स्वयंपाकघरातून ओरडली, "बोलूचा धैर्य येता? मगे तो आजीपासून लांब ठेव गो बाय! आसा तेवढा धैर्य गावाक पुरे झाला!"

आम्ही तिघी हसलो. मग नात म्हणाली, घालण्याआधी खडा शुद्ध करावा लागतो. आधीच्या माणसाचं जे काय त्यात साठलं असेल ते काढायचं. चांदण्यात ठेवा, वाहत्या पाण्यात धरा, नाहीतर दोन-तीन रात्री तांदळात पुरून ठेवा. तांदळाचं नाव ऐकून मला जरा हसू आलं. का ते पुढे सांगते. मी खडा घेतला आणि स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात, तांदळात, कोपरापर्यंत हात घालून ठेवून दिला.

आणि त्याच आठवड्यात गावपळण लागली.

बाहेरच्या माणसांसाठी सांगते. आमच्या गावात तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि सगळा गाव घर सोडून वेशीबाहेर जाऊन राहतो. तीन दिवस, तीन रात्री. सगळा म्हणजे सगळा. म्हातारीकोतारी, तान्ही पोरं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या. कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, प्रश्न नाही. मागे एकही जीव राहता कामा नये. गावात राहतो तो फक्त देव. चौथ्या सकाळी पुन्हा कौल लावतात. देवाने हो म्हटलं तर परत यायचं, नाही म्हटलं तर आणखी एक दिवस थांबायचं. मग वेशीबाहेर माडाच्या झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात, चुली पेटतात, आणि घरी वर्षभर तोंड फिरवून बसणाऱ्या जावाजावा तिथे एका पातेल्यातली पेज खातात. मला तर गावपळण फार आवडते. बोलायला एवढी माणसं एका जागी एरवी कुठे मिळतात?

नातीचा हिशोब आम्ही आधीच बसवला होता. चौथ्या दिवशी सकाळी परत घरी, दुपारी जेवण, संध्याकाळी रिक्षाने कणकवली, तळेरे करत वैभववाडीला मामाकडे, आणि दुसऱ्या सकाळची गाडी. मुंबईला बाप घ्यायला उभा.

निघायच्या आदल्या दिवशी मी तीन दिवसांचे तांदूळ पिशवीत काढून ठेवले. खडा मुद्दाम डब्यातच ठेवला, म्हटलं, आणखी एक रात्र राहू दे, सकाळी निघताना काढू. सकाळी ढोल वाजले. गाय निघाली, वासरू निघालं, मांजर टोपलीत घातलं. नातीची भरलेली बॅगही बरोबर घेतली, न जाणो देवाने एक दिवस वाढवला तर. कोंबड्या खुराड्यात कोंबल्या, तर तांबडी कोंबडी निसटली आणि फणसावर जाऊन बसली. आता तिला मागे ठेवता येईना. सून खालून भाताचे दाणे दाखवतेय, नात काठी घेऊन, मी खालून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय. शेजारी जाता जाता ओरडले, "काकी, तुमका नाय तर कोंबडयेक तरी धाडा!" अर्ध्या तासाने ती महाराणी आपणहून उतरली. आम्ही तिला काखेत मारली आणि पळत सुटलो.

खोप बांधून झाली, चूल पेटली, पेज ठेवली. पिशवीतले तांदूळ घ्यायला हात घातला आणि मला आठवलं.

खडा डब्यात. डबा घरात. घर गावात.

आमचं घर वेशीच्या अगदी जवळ. ओढ्यापलीकडे बघितलं की आमचे माड दिसतात, कौलांचा कोपरा दिसतो. चालत दहा मिनिटं. पण त्या दहा मिनिटांच्या मधे देव उभा.

आधी मी स्वतःला समजावलं, चौथ्या दिवशी तर परत जायचंच आहे, तेव्हा काढू. नात संध्याकाळी निघणार, खडा गळ्यात पडणारच. मग पेज ढवळता ढवळता भटजींचं वाक्य आठवलं. आता याच्यात प्राण आला. जीवासारखा सांभाळा. आणि गावात तर एकही जीव मागे राहता कामा नये! मी कोंबडीसाठी अर्धा तास नाचले आणि प्राण घातलेला खडा मात्र मागे ठेवून आले. देव मोजत असेल तर? देवाने चौथ्या दिवशी कौल दिला नाही तर? अख्खा गाव माझ्यापायी थंडीत कुडकुडणार, आणि नात खड्याशिवाय जाणार.

हसाल तुम्ही. पण तिथे, रिकाम्या गावाकडे तोंड करून बसलं की असल्या गोष्टी खऱ्या वाटतात. एरवी त्या बाजूने कुत्रं भुंकतं, कोणाचा रेडिओ लागतो, कोण कोणाला हाका मारतं. आता काही नाही. नुसते माड.

मी गप्प झाले. पहिला दिवस गप्प, दुसरा गप्प. बाया खोपीत गोळा व्हायच्या, गोष्टी रंगायच्या, आणि मी आपली निखारे सारत बसलेली. शेजारीण सुनेला म्हणाली, "गो, तुझ्या सासूक काय ताप बीप इलो? दोन दीस गजाल नाय."

"बगा ना," सून म्हणाली, "खडो तांदळात पुरलो तर हयसर तोंड बंद झाला. मोठो गुणाचो खडो."

नातीने मात्र मला तिसऱ्या संध्याकाळी बाजूला घेतलं. "आजी, खडो घराकच ऱ्हवलो मां?" मी मान डोलावली. ती हसली. "मगे काय? उद्या घराक गेल्यावर घेतलंय." पण तिचा हात गळ्यापाशी गेला होता, जिथे गोफ यायचा होता तिथे. तो मी बघितला.

चौथ्या सकाळी कौल लागला. आम्ही सगळे सामान बांधून बसलेलो, तांबडी कोंबडी खुराड्यात, गाय दावणीतून सोडलेली. मानकरी परत आले आणि म्हणाले, देव आजचा दिवस नाही म्हणतो. उद्या.

लोक हसले, कुरकुरले, पुन्हा सामान सोडायला लागले. मी मात्र तशीच त्यांच्यातल्या एका मानकऱ्यापाशी गेले. तो यांच्या वयाचा, यांचा लहानपणचा मित्र, मला वैनी म्हणतो. मी त्याला सगळं एका दमात सांगितलं. तीन दिवसांचं साठलेलं होतं, धो धो आलं. खडा, भटजी, प्राण, डबा, कोंबडी.

त्याने शांतपणे ऐकलं. पान जुळवत होता, ते तोंडात घातलं. मग म्हणाला, "वैनी, देवान माणसां भायर काढली, ढोरां भायर काढली, कोंबडी भायर काढली. दगड कधी काढले? सगळो गाव चिऱ्यार उभो आसा. चिरे काय पिशये घेवन चलान येतले?"

"पण भटजीन प्राण घातलेलो त्यात."

"देवाक इचारून घातलेलो?"

त्याने पान दुसऱ्या गालात सारलं.

"आणि देवाक दुसरी कामां नाय काय, तुझ्या चिंचोक्यासाठी गावाचो कौल आडवूक? जा, चाय कर जा. माका पण दी."

मी चहा केला. छातीवरचा एक दगड उतरला होता, पण दुसरा तिथेच. दुपार कलत होती. रिक्षा सांगितलेली, ती वेशीपाशी येऊन उभी राहणार होती. गाडी थांबणार नव्हती. नात खड्याशिवाय निघणार हे आता पक्कं झालं होतं.

तिने बॅग खोपीच्या दाराशी ठेवली. ओढ्यापलीकडे बघितलं. मग एकदम म्हणाली, "मी धावत जावन येतंय. धा मिनटां. कोण बगता?"

मी सुनेकडे बघितलं, म्हटलं ही आता ओरडणार. पण तिच्या डोळ्यांत पाणी. "जा गो," ती म्हणाली. "मी कोणाक सांगूचंय नाय." चार दिवस खड्याची टिंगल करणारी बाई ती. पोटची मुलगी निघाली की डोंगरातलीसुद्धा दर्याच्या खड्यावर विश्वास ठेवते.

नातीने चपला काढल्या, हातात घेतल्या. तिने खरंच पाऊल उचललं. आणि मला कळलं, हिला आता थांबवायचं तर मला ती गोष्ट सांगावी लागणार. जी मी कोणाला सांगितली नव्हती. विहिरीवर नाही, देवळात नाही, पंगतीत नाही. माझ्यासारख्या बडबडीने जन्मात एवढी एकच गोष्ट पोटात ठेवली होती.

"थांब," मी म्हटलं. "बस हयसर. आजोबांनी तो खडो दर्यार कधी घातलोच नाय."

नात परत येऊन बॅगेवर बसली.

मग सांगितलं. भटजींनी मंत्र म्हटले त्यानंतरची पहिली खेप. हे सकाळी निघाले, अंगठी बोटात, मी बघितली होती. आठेक दिवसांनी मी डब्यात तांदूळ घ्यायला हात घातला आणि बोटांना काहीतरी थंडगार लागलं. मला वाटलं सापाचं पिल्लू. किंचाळून हात बाहेर काढला. मग पळीने उकरलं, तर अंगठी.

मला असा राग आला म्हणता! एवढे ज्योतिषी केले, भटजी केले आणि हा माणूस अंगठी तांदळात पुरून जातो? आणि मग भीती. आता ते तिकडे, खडा इकडे. पत्रात लिहावं तर त्यांच्या जीवाला घोर. मी खडा परत तांदळात ठेवला आणि नऊ महिने रोज सकाळी हात घातला की आधी त्याला चाचपायची. आहे. थंड आहे. मग तांदूळ काढायचे.

ते परत आले. आल्या आल्या म्हणाले, हात धुतो, आणि स्वयंपाकघरात गेले. बाहेर आले तर अंगठी बोटात! मी काही बोलले नाही. पण खड्याच्या खाचेत तांदळाचा पांढरा भुगा अडकलेला होता, तो मला दिसत होता. शेजारणी आल्या, अंगठीला हात लावून गेल्या. मी त्या भुग्याकडे बघत म्हटलं, होय गो, खड्यानेच आणले.

दर खेपेला हेच. कितीतरी वर्षं. ते ठेवायचे, मी चाचपायची, ते काढायचे.

"मगे तू इचारलंस नाय कधी?" सुनेने विचारलं.

विचारलं. ते कायमचे घरी आले त्यानंतर, पडवीत बसलेले असताना. ते म्हणाले, इंजिनात अंगठी घालून काम करता येत नाही, यंत्रात अडकली तर बोट घेऊन जाते, त्यांच्या डोळ्यांदेखत एकाचं गेलं होतं. मला सांगितलं असतं तर मी घोर लावून घेतला असता. म्हणून ठेवून जायचे.

"पण तांदळात कित्याक?" मी त्यांना म्हटलं. "कपाटात ठेवूक जागा नाय होती?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तंबाखू मळत म्हणाले, "तुझो हात रोज थंय जाता म्हणान."

हे मी नातीला सांगितलं. ती बॅगेवर बसली होती, चपला मांडीवर. सून पदराने नाक पुसत होती. मग नात म्हणाली, "म्हणजे खडो घराकच आसायचो. आणि आजोबा येयचे."

"येयचे."

"नऊ नऊ महिन्यांनी?"

"कधी धा."

मग वाकून तिने चपला पायात घातल्या. "ऱ्हवांदे मगे थंयच," म्हणाली. आवाज अजून कापत होता, नाही असं नाही. पण ओढ्याकडे पुन्हा बघितलं नाही.

रिक्षा आली. आता एरवी कोणी पोर गाव सोडून निघालं तर घरातली चार माणसं दारात येतात. त्या दिवशी अख्खा गाव तिथेच वेशीवर बसलेला, कामधंदा कोणाला नाही. बातमी खोपीखोपीतून गेली आणि माणसं उठून यायला लागली. मानकरी पान थुंकून पुढे आला आणि त्याने हात जोडून गावाकडे, देवाकडे तोंड करून गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्या गावचा चेडू आज बोटीर चल्ला, पयल्यांदाच चल्ला, त्येका वारो सोसांदे, पाणी सोसांदे, माणसां बरी भेटांदेत, आणि जसा गेला तसा घराक हाडून घाल. दर वाक्यामागे सगळ्यांचा आवाज, "व्हय म्हाराजा!" म्हातारे, पोरं, कालपर्यंत आमच्याशी कुंपणावरून भांडणारे, सगळे. गाय हंबरली, तिचंही धरा. नात आधी लाजली, मग रडली, मग हसायला लागली. शेवटचा "व्हय म्हाराजा" तर तिनेच सगळ्यांत मोठ्याने म्हटला.

दुसऱ्या सकाळी देवाने हो म्हटलं. घरी आले, गायीला पाणीसुद्धा न दाखवता स्वयंपाकघरात गेले आणि कोपरापर्यंत हात डब्यात घातला. होता. थंड होता.

दीड महिन्याने तिचा फोन आला. कुठल्यातरी बंदरातून, मागे नुसता खडखडाट. "आजी, पयले चार दीस नुसती ओकत होतंय. आता बरां आसा. काल रातपाळयेक मी एकटी उभी होतंय, आणि माका चक्क मजा इली!" मग म्हणाली, "खडो खंय आसा?"

"थंयच."

"काढू नको हां."

"मी कित्याक काढतंय?" मी म्हटलं, आणि फोन सुनेकडे दिला, कारण तीही कधीपासून हात पुढे करून उभी होती.

डब्यातले तांदूळ परवा संपले. नवं भात गिरणीतून सडून आणलं, पोतं स्वयंपाकघरात उतरवलं. मी ओतायला गेले तर सून म्हणाली, "थांबा, आई." तिने खडा पदराने पुसला, रिकाम्या डब्याच्या तळाशी बरोबर मधोमध ठेवला, आणि मला म्हणाली, "आता वता. हळू."